बाळू पालवणकरांचा कप



मागच्या अंकात आम्ही शिष्यवृत्तीच्या अर्जांविषयी लिहिण्याचे कबूल केले होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहोत, त्याबद्दल पालकवर्गाने क्षमा करावी. कारण मधल्या काळात आमच्या भागातल्या तरुण मंडळाची बैठक झाली आणि तिथे एका कपावरून असा काही वाद पेटला की त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

दरवर्षी जयंतीच्या सुमारास आमची मुले टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने भरवतात. आठ संघ, आठ-आठ षटकांचा सामना, वर्गणी काढून आणलेला एक भलामोठा कप. हिशेब अर्थातच आमच्या गळ्यात. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून, जिथे वही तिथे आम्ही! तर यंदा कपाला कोणाचे तरी नाव द्यावे असे ठरले. नावे आली ती ओळखीचीच. तेवढ्यात मागे उभा असलेला एक पोरगा म्हणाला, "बाळू पालवणकर कप ठेवा ना." हा पोरगा पलीकडच्या चर्मकार गल्लीतला. त्या गल्लीचा संघ यंदा पहिल्यांदाच आपल्या सामन्यांत उतरणार आहे.

बैठकीतल्या निम्म्या मुलांनी हे नाव ऐकलेलेच नव्हते. ज्यांनी ऐकले होते त्यांतले एक म्हणजे आमचे आप्पा. वय पंचाहत्तर, वाचन दांडगे, चळवळीत आयुष्य गेलेले. आप्पा ताडकन उठले. "भाऊ, सदतीस साली बाबासाहेबांच्या विरुद्ध कोण उभं होतं, माहीत आहे का? मंग तेना नावना कप कसाले?" सगळे गप्प. पोरगा खाली बघू लागला. आम्ही एवढेच म्हणालो, की आप्पा, आठ दिवस द्या, जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू मांडतो, मग ठरवू. त्या आठ दिवसांत जे वाचले आणि जुळवले ते इथे देतो आहोत.

आधी जमेची बाजू.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातले पालवण, म्हणून आडनाव पालवणकर. जात चर्मकार, वडील लष्कराच्या नोकरीत. त्यामुळे बालपण पुण्याच्या लष्करी भागात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटबॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम हा खेळ शिकले. पुढे आणखी दोन भाऊ याच वाटेने आले, विठ्ठल आणि गणपत. एका घरातून चार क्रिकेटपटू!

पहिली नोकरी पुण्याच्या एका पारशी क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे, रोलर ओढण्याचे. पगार महिना तीन रुपये. तिथून १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. म्हणजे एक रुपयाची बढती. तिथे खेळपट्टी आखायची, जाळी बांधायची आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. बाळू डावखुरे, संथ फिरकी टाकणारे. जे. जी. ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्याकडून चेंडू टाकून घेई, आणि आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई असे सांगतात. आम्ही हिशेब केला. महिन्याचा पगार चार रुपये, म्हणजे आठ वेळा साहेबाला बाद केले की महिन्याचा पगार सुटला! मात्र इतकी वर्षे चेंडू टाकूनही त्या जाळीत बाळूंच्या हातात कोणी बॅट दिली नाही. बॅट ही साहेबांची आणि राजेरजवाड्यांची. घाम गाळून चेंडू टाकायचे काम गड्याचे. आपल्या ऑफिसातही कोणी फायली उचलायचे आणि कोणी सह्या करायच्या हे ठरलेलेच असते ना, तसेच.

आता खरी गोष्ट सुरू होते. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. हरवू शकणारा गोलंदाज डोळ्यांसमोर रोलर ओढत होता. पण त्याला संघात घ्यायचे कसे? बराच खल झाला. सनातनी सभासदांचा विरोध होता, काहींचा पाठिंबा होता, आणि खुद्द ग्रेगने जाहीरपणे सांगितले, की याला बाहेर ठेवाल तर मूर्ख ठराल. शेवटी बाळू संघात आले.

संघात आले खरे, पण कसे? मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे झेलत होते. त्या चेंडूला विटाळ नव्हता. चहाची सुट्टी झाली की इतर खेळाडू आत चिनीमातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. हातपाय धुवायचे तर पाणी घालायला मैदानाच्या कोपऱ्यात अस्पृश्य गडीच लागे. जेवणाला ताट वेगळे, टेबल वेगळे. बाळूंनी विरुद्ध संघाचे पाच गडी बाद करून दिले की टाळ्या सगळ्यांच्या, आणि मग बाहेर उभे राहून चहा! वाचकहो, अपमानाची आपल्याला सवय आहे म्हणून हे वाचताना आपण पुढे जातो. थोडे थांबून विचार करा. अकरा माणसे एकाच बाजूने लढताहेत आणि त्यांतला सर्वांत उपयोगी माणूस अकराव्या कपाला महाग आहे.

साताऱ्याच्या सामन्याची गोष्ट जुने लोक रंगवून सांगतात. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची फिरकी चालू नये म्हणून आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी सपाट करून ठेवली होती. बाळूंनी तरी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. (रोलर ओढून ओढून ज्याने खेळपट्टीचा स्वभाव ओळखला, त्याच्यापुढे रोलरची मात्रा काय चालणार!) त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी संघातल्या सवर्णांना सुनावले, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असे सांगतात.

१८९६ साली प्लेग आला आणि पुढे बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्यात प्रवेश देतानाही काही सभासदांनी नाके मुरडली; कीर्तीकर नावाच्या कर्णधाराने आग्रह धरला म्हणून दार उघडले. पोटासाठी रेल्वेची नोकरी आणि रेल्वेच्याच संघाकडून खेळ असे चालू होते. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन हा गाजलेला सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. राज्यकर्त्यांवर १०९ धावांनी विजय! संघात बाळू आणि शिवराम असे दोन पालवणकर होते. पुढल्या वर्षीही गोरे हरले.

मग आले १९११ साल. पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ विलायतेला निघाला. निवड धर्मवार झाली: पारशी सहा, हिंदू पाच, मुसलमान तीन, शिवाय महाराज. पाच हिंदूंत दोन पालवणकर. महाराज मोजकेच सामने खेळले. त्यांना मेजवान्या पुष्कळ होत्या. संघ तेवीसपैकी पंधरा सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले, त्यांतले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ, लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात अकरा. सॉमरसेटविरुद्धचा सामना एक गडी राखून जिंकला, त्यात शिवरामने नाबाद ११३ धावा केल्या आणि बाळूंनी ५५. ज्याला जाळीत बॅट मिळाली नव्हती त्याच्या पंचावन्न धावा, हे लक्षात ठेवावे. सगळ्या कारकीर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, एका बळीला सरासरी पंधरा धावा. हे आकडे आजच्या पोरांनी मोबाईलवर तपासून पाहावेत. आणि हेही लक्षात असू द्यावे, की पहिले सामने खेळताना बाळूंचे वय तिशीला आलेले होते.

विलायतेहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारात मानपत्र देणारा तरुण कोण? कॉलेजात शिकणारे भीमराव आंबेडकर! चरित्रकारांनी हे नोंदवले आहे. बाळूंचा विक्रम म्हणजे अस्पृश्यांच्या अंगी काय आहे याचा उघड्या मैदानावरचा पुरावा होता, आणि तरुण भीमरावांना त्याचा अभिमान वाटत होता. आप्पांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हे मला ठाऊक आहे. म्हणून तर जास्त राग येतो." हा माणूस कधी सोपे उत्तर देणार नाही!

पुढे कर्णधारपदाचा प्रश्न आला. मुसलमानांचा संघ आल्यावर १९१२ पासून मुंबईचे सामने चौरंगी झाले. संघात सर्वांत ज्येष्ठ बाळू, सर्वांत यशस्वी बाळू, पण कर्णधार मात्र दुसराच. १९१३ साली कर्णधार झालेल्या म. दा. पै यांनी जाहीर सभेत कबूल केले, की हा मान खरे तर माझे मित्र बाळू यांचा होता. पै सज्जन. पण मान मिळाला पैंनाच. १९२० साली तर कमाल झाली. पै आजारी, बाळूंना संघातून वगळलेले, आणि विठ्ठलचा हक्क डावलून नेतृत्व पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि वर्तमानपत्रात निवेदन देऊन कारण सांगितले. वाटाघाटी झाल्या. अंतिम सामन्यात भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पैंनी काही वेळ मैदान सोडले तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, एका सामन्यातले थोडे तास! बाळूंच्या पदरात कर्णधारपद पडले ते एवढेच.

आमचे म्हणणे असे आहे, की पंधरा वर्षे बळी घेऊन जे मिळाले नाही ते दोन भावांच्या एका नकाराने हलले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, संघाने युरोपियनांना हरवले आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवले. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' नावाचे आत्मचरित्र मराठीतून लिहिले. ज्यांना कुठल्या जुन्या वाचनालयात ते सापडेल त्यांनी आम्हाला जरूर कळवावे, झेरॉक्सचा खर्च आम्ही देऊ.

आमची मुले वेस्ट इंडिजच्या खेळाडूंची फार भक्त आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक गोष्ट. त्या बेटांवर खेळणारे बहुतेक काळे, पण कर्णधार गोराच, अशीच तिथली रीत होती. थोर फलंदाज जॉर्ज हेडली यांना १९४८ साली फक्त एका कसोटीत नेतृत्व मिळाले. सी. एल. आर. जेम्स यांच्यासारख्या लेखकाने वर्तमानपत्रातून मोहीम चालवली, तेव्हा कुठे १९६० साली फ्रँक वॉरेल हे पूर्ण दौऱ्याचे पहिले काळे कर्णधार झाले. म्हणजे विठ्ठलनंतर सदतीस वर्षांनी! हेच वॉरेल १९६२ साली आपल्या लोकांना वेगळ्या कारणाने कळले. बार्बाडोसमध्ये आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्याला चेंडू लागून तो मरणाच्या दारात होता. रक्त देणाऱ्यांत आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर होते, आणि विरुद्ध संघाचा कर्णधार वॉरेलही होता. त्या बाटलीवर कोणी जात लिहिली नव्हती.

आता नावेची बाजू. ती लपवणे आम्हाला मान्य नाही.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले ते गांधीजींच्या बाजूने. १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे, तशी बाळूंचीही आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा बाळूंनी त्यावर टीका केली. आणि १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांसमोर राखीव जागेवर उमेदवार दिला तो बाळू पालवणकर. काँग्रेसचा हिशेब उघड होता: लोकांच्या आवडीचा माणूस, शिवाय चर्मकार, म्हणजे अस्पृश्यांची मते फुटतील. बाबासाहेब निवडून आले, सुमारे दोन हजार मतांनी. फरक काही फार मोठा नव्हता, म्हणून जखमही खोल राहिली.

त्याच १९३७ च्या ३१ जुलैला बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी आपल्या धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले होते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. दरवर्षी ३१ जुलैला आपण तिथे जमतोच. त्याआधी १९२९ च्या ऑक्टोबरात चाळीसगाव स्टेशनवर टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना बसवून न्यायला नकार दिला. टांगा मिळाला पण हाकणारा नाही. मग आपल्यातलाच एक नवशिका हाकायला बसला, टांगा मोरीवर अडखळला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या माणसाला टांगेवाला नाही, आणि ११४ बळी घेणाऱ्याला कप नाही. दोघांनी सोसले ते एकच होते. त्यातून दोघे निघाले दोन दिशांना. ज्याला खेळामुळे थोडे दार उघडलेले दिसले, त्याला वाटले आणखी ढकलले की पूर्ण उघडेल. बाबासाहेबांनी ते घरच सोडायचे ठरवले. आम्ही कोणाच्या वाटेने आलो हे सांगायची गरज नाही. बाळूंची वाट चुकली असेच आम्ही मानतो. पण चुकली म्हणजे विकली गेली, असे म्हणायला आमच्याजवळ पुरावा नाही. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. नागपूरची दीक्षा त्यांनी पाहिलीच नाही.

खात्यात एक नोंद नावे पडली म्हणून आधीची जमा कोणी खोडत नाही. खोडली तर ऑडिटर कान धरील!

आठ दिवसांनी पुन्हा बैठक झाली. आम्ही हे सगळे वाचून दाखवले. आप्पा शांतपणे ऐकत होते. शेवटी आम्हाला जे खरे बोलायचे होते ते आम्ही बोललो. म्हणालो, "आप्पा, राग मानू नका. चर्मकार गल्ली आपल्या मैदानापासून दोनशे पावलांवर. इतक्या वर्षांत त्यांचा संघ आपल्या सामन्यांत का नव्हता? त्यांना आपण कधी चिठ्ठी पाठवली? वर्गणीच्या वहीत त्यांच्या गल्लीचे पान आहे का? वही आमच्याकडेच असते, म्हणून विचारतो. पान नाही. हा दोष आधी आमचा." लग्नाच्या पंगतीचे तर आम्ही मुद्दामच बोललो नाही, ते प्रत्येकाला ठाऊक आहे.

बराच वेळ कोणी बोलेना. मग आप्पांनी त्या पोराला जवळ बोलावले. विचारले, "भाऊ, तुला हे नाव कोणी सांगितलं?" पोरगा म्हणाला, "आजोबांनी, आप्पा. ते म्हणायचे, आपल्यातला एक माणूस विलायतेला बॉल टाकून आला." आप्पांनी विचारले, "आणि सदतीस सालचं सांगितलं का?" पोरगा म्हणाला, "नाही." आप्पा म्हणाले, "मग ते मी सांगतो. बैस."

आणि वाचकहो, बैठक राहिली बाजूला, आप्पा त्या पोराला दीड तास सांगत बसले. स्वतंत्र मजूर पक्ष, पुणे करार, येवला, सगळे. पोराने मध्ये तीन-चार वेळा उलट प्रश्न विचारले, एकदा आप्पांना उत्तरही देता आले नाही. बाकीची मुले कंटाळून वडापाव आणायला गेली ती परत येऊन बसली.

कपाला नाव दिले गेले. अट आप्पांची होती: मैदानावर एक फळा लावायचा, त्यावर १९११ लिहायचे आणि १९३७ ही लिहायचे. मजकूर आमच्याकडे सोपवला आहे. पेंटर अक्षरामागे पैसे घेतो, म्हणून आम्ही जरा आवरते लिहिले होते. आप्पांनी वाचले, तीन ओळी वाढवल्या आणि वाढीव अक्षरांचे पैसे स्वतःच्या खिशातून काढून दिले. पावती त्यांच्या नावाने फाडली आहे. वर्गणीच्या वहीत चर्मकार गल्लीचे पानही उघडले, पहिली नोंद एक्कावन्न रुपयांची. सामने येत्या रविवारी सकाळी आठ वाजता सुरू होतील. पहिला सामना त्यांच्या संघाशी आमच्याच गल्लीचा आहे, आणि आमची गोलंदाजी यंदा फारच कच्ची आहे.